अण्णांची ट्रायल

काल सकाळी खिडकी उघडली तर समोरचं घर जागेवर नव्हतं. घर, त्याच्यापुढचा बहावा, बहाव्याखाली उभी असणारी शेजाऱ्यांची गाडी, सगळंच पुसलं गेलं होतं. चंदीगडला धुकं आलं.

आमच्या कराडकडे धुकं म्हणजे नदीवर तासभर रेंगाळून निघून जाणारा पाहुणा. इथलं धुकं बदलीवर आलेल्या साहेबासारखं असतं. आलं की मुक्काम ठोकतं आणि सगळ्यांची कामं अडवून ठेवतं. शाळा उशिरा भरतात, गाड्या उशिरा येतात, आणि ऑफिसात उशिरा पोचलेला प्रत्येक जण दारातच हात चोळत ‘कोहरा, जी, कोहरा’ म्हणतो. तेवढं म्हटलं की इथे माफी मिळते. रस्त्याच्या कडेला शेंगा भाजणाऱ्या गाड्यांमधून धूर निघतो, तिळगुळाच्या गजकचे डबे रचले जातात, आणि एरवी रेघा आखल्यासारखं सरळ असलेलं हे शहर महिनाभर तरी जरा अंदाजाने चालायला लागतं.

बदली होऊन इथे आलो तेव्हा मला हे सगळं फार आवडायचं. पहिल्या वर्षी मी धुक्याचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवले होते. आता धुकं पडलं की मी खिडकी लावून घेतो.

परवा सई माळ्यावरून हीटर काढायला शिडीवर चढली. सई माझी मुलगी. नुकतीच अठरा पूर्ण झाली. मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. हीटर ओढताना त्याच्यामागचं एक खोकं सरकलं आणि धप्पकन खाली आलं. फाटक्या कोपऱ्यातून काळं चाक दिसत होतं. सई शिडीवरून उतरली, खोक्याकडे क्षणभर बघत राहिली, आणि पायाने ते भिंतीकडे ढकललं.

“किसी को दे क्यों नहीं देते?” ती म्हणाली.

ती हीटर घेऊन आत गेल्यावर मी खोकं उघडलं. कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायचं स्टेअरिंग होतं ते. चार वर्षांनीही रबर नवं दिसत होतं. मधल्या शिवणीच्या खोबणीत मात्र थोडं कुंकू अडकलेलं होतं, वाळून तपकिरी झालेलं. तेही मी बघितलं आणि झाकण लावलं.

चार हिवाळ्यांपूर्वी, सईच्या चौदाव्या वाढदिवसाला, हे चाक घरात आलं. इंडस्ट्रियल एरियातल्या मॉलमधून मीच आणलं होतं. टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं चाक, आणि खाली पायांशी क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर असे खरेखुरे तीन पेडल. आत मोटर होती. पडद्यावरची गाडी खडीवर गेली की चाक हातात थरथरायचं, आणि वळणावर सोडलं की आपसूक सरळ व्हायला बघायचं. पहिल्या दिवशी आम्ही बापलेकीने आळीपाळीने ते चालवून पाहिलं. सईने दोन-तीन फेऱ्यांत हात बसवला. मी पहिल्याच वळणावर कठड्यावर गेलो, मग झाडावर, मग उलट्या दिशेने. मेधा, म्हणजे माझी बायको, दारात उभी राहून म्हणाली, “खऱ्या गाडीतही असंच चालवतोस, फक्त हळू.” तिघंही हसलो. त्या चाकावर आमच्या घरात हसणं झालं ते तेवढंच.

अण्णा त्यावेळी कोपऱ्यातल्या खुर्चीत मफलर गुंडाळून बसले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. कराड ते चिपळूण, कुंभार्ली घाटातून वरखाली, पावसाळ्यात दरडीखालून, आणि तीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. विना-अपघात सेवेचा बिल्ला त्यांना मिळाला होता. माझी आई गेल्यानंतर मी त्यांना इथे घेऊन आलो. येताना त्यांनी एक पिशवी आणली, आणि त्या पिशवीत तो बिल्ला होता.

चाक बघायला ते उठून आले. वाकून टेबलाखाली बघितलं, आवळलेला स्क्रू हलवून पाहिला, पेडल दाबून पाहिले. फरशीवर पेडल सरकत होते. अण्णा बाहेर गेले आणि बागेतली एक वीट आणून, चढावर उभ्या गाडीच्या चाकामागे दगड लावतात तशी, त्यांनी ती पेडलच्या पाठीमागे लावली. मग देवघरातून हळदकुंकू आणलं.

“नवीन स्टेरिंग हाय,” ते म्हणाले. “हातात घ्यायच्या आदी पूजा नगं?”

सईला फार गंमत वाटली. तिने त्या क्षणाचा फोटो काढला. तो फोटो तिच्या फोनमध्ये अजून आहे, असं मेधा सांगते. मला कधी दाखवलेला नाही.

अण्णांना चंदीगडचे रस्ते पहिल्या दिवसापासून आवडले. घाटात हयात गेलेल्या माणसाला एवढा सपाट, एवढा रुंद रस्ता म्हणजे चैनच. “हितं डायवर झोपंल रं,” असं ते म्हणायचे आणि खूश व्हायचे. माझी गाडी दिवसभर दारातच असायची, कारण मी सेक्टर सतराच्या ऑफिसला बसने जायचो. दुसरी किल्ली मीच त्यांना दिली होती. त्यांनी ती सुताराकडून आणलेल्या लाकडी गोटीला अडकवली, हातात घेतल्यावर वजन लागलं पाहिजे म्हणून. सकाळी ते गाडीभोवती एक फेरी मारत, चारही टायरना बुटाच्या टोकाने टोचत, आत बसले की स्टेअरिंगला हात लावून तो हात कपाळाला लावत, आणि सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर जात. तिथे गाडी लावून लांब पल्ल्याच्या बसेस बघत उभे राहत. हिंदी त्यांचं जेमतेम. पण पहाडातून बस उतरवून आलेला ड्रायव्हर आणि कुंभार्ली उतरवलेला ड्रायव्हर यांना बोलायला भाषा फारशी लागत नसावी. हिमाचलच्या बसवरचे दोघं-तिघं त्यांना ‘उस्तादजी’ म्हणायचे. घरी येऊन अण्णा हा शब्द आम्हाला दोनदा तरी ऐकवायचे.

परत आले की गाडी बंद करून ते लगेच उतरत नसत. पुढच्या कप्प्यात त्यांची एक छोटी वही होती. डेपोत ड्यूटी संपली की ड्रायव्हरने गाडीतले दोष वहीत लिहायचे असतात. ब्रेक कमी, वायपर चालत नाही, मागचा दिवा बंद. लिहिल्याशिवाय गाडी जमा करायची नाही, कारण उद्या ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाणार. अण्णांची ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. माझ्या गाडीत दोष फारसे नव्हते, तरी ते रोज लिहायचे. एकदा मी वाचलं होतं: ‘उजवा आरसा ढिला. बाकी ठीक.’ मी आरसा घट्ट करून घेतला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच केला.

मग एक शुक्रवार आला. सुट्टी होती, मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. धुकं बऱ्यापैकी वर गेलेलं होतं. स्टँडवरून परतताना एका गोल चौकात आम्ही शिरलो आणि डावीकडून एक सायकलरिक्षा आली. मला ती दिसत होती. चांगली दिसत होती, रिक्षात बसलेल्या बाईच्या मांडीवरची गाजरांची पिशवीसुद्धा दिसत होती. अण्णांना दिसत नव्हती. मी ओरडलो. ब्रेक लागला. रिक्षा हातभर अंतरावरून गेली. रिक्षावाल्याने वळून पंजाबीत दोन शिव्या घातल्या आणि निघून गेला. काही झालं नाही.

अण्णांनी सावकाश घर गाठलं. गाडी लावली, कप्पा उघडून वही काढली, लिहिलं. मी उतरून आत निघून आलो. त्यांनी काय लिहिलं हे बघावं, असं माझ्या मनातही आलं नाही. माझा निकाल आधीच लागलेला होता.

माझी नोकरीच निकालाची आहे. केंद्र सरकारच्या एका खात्यात विभागीय परीक्षा घेणं, पेपर तपासून घेणं आणि याद्या लावणं हे मी वीस वर्षं करतो आहे. पास किंवा नापास, तिसरा रकाना नाही. याद्या लावताना समोर माणूस नसतो, नंबर असतो, आणि त्याची सवय होते. ती ऑफिसातच ठेवून यावी एवढी अक्कल मला नव्हती.

“सरळ सांग ना त्यांना,” मेधा म्हणाली. “डोळे दाखवून येऊ म्हणावं.”

“सरळ सांगितलं तर त्यांच्या मनाला लागेल,” मी म्हणालो.

हे वाक्य मी तेव्हा मोठ्या समजूतदारपणे म्हटलं होतं. आता आठवलं की तोंडात कडू येतं. मनाला लागेल ते अण्णांच्या नव्हे. त्यांच्यासमोर उभं राहून, डोळ्यात बघून ‘अण्णा, आता बास’ म्हणायची हिंमत माझ्याकडे नव्हती. लहानपणी शाळेच्या सहलीला जाताना पहिल्या सीटवर बसून मी पोरांना सांगायचो की गाडी चालवतायत ते माझे वडील आहेत. त्या माणसाला उतर खाली म्हणायचं, आणि तेही मी. मग मी केलं काय, तर शनिवारी सकाळी ते आंघोळीला गेलेले असताना गाडी काढली आणि दोन सेक्टर पलीकडे, ऑफिसातल्या गुलाटीजींच्या घरामागे नेऊन लावली. बाहेर आल्यावर त्यांना सांगितलं, “गाडी सर्व्हिसिंगला दिली.”

“बरं,” अण्णा म्हणाले. “आली की सांग. माझं जरा काम हाय गाडीत.”

मला वाटलं, पुन्हा चालवायचं काम.

पुढचे आठ दिवस मी रोज एक नवा खोटेपणा करत होतो. गाडी आली का? मेकॅनिक म्हणाला, पार्ट दिल्लीहून यायचाय. आज तरी आली का? मेकॅनिक लग्नाला गेलाय. नसलेल्या मेकॅनिकला मी घरदार, नातेवाईक, सर्दी-पडसं सगळं दिलं. सोमवारपासून अण्णांनी विचारणं कमी केलं. “पार्ट यायला येळ लागतोच,” एवढं म्हणायचे. सकाळी मात्र ठरल्या वेळी कानटोपी घालून बाहेर पडायचे आणि तासाभराने थंडीने लाल झालेलं नाक घेऊन परत यायचे. फिरायला जातात, असं मी धरून चाललो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात तेही नव्हतं. माझी युक्ती छान चालली आहे असंच मला वाटत होतं.

चाक घरात आलं ते त्याच आठवड्याच्या शेवटी. पुढच्या शनिवारी वाढदिवस झाला, आम्ही हसलो, पूजा झाली. आणि रविवारी सकाळी पेपर वाचता वाचता मला सुचलं की हे किती सोयीचं आहे. मी काही बोलायला नको. मशीन बोलेल.

“अण्णा,” मी म्हणालो, “या चाकावर एक ट्रायल द्या. नीट झाली तर गाडी आली की किल्ली तुमची. नाही झाली तर मग आपण विचार करू.”

सईने वर बघितलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“ट्रायल घेतोस?”

“म्हणजे गंमत म्हणून.”

“गंमत न्हाय,” ते म्हणाले. “ट्रायल ती ट्रायल. ट्रायलला न्हाय म्हनला तो डायवर कसला?”

ते आत गेले. परत आले तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वर स्वेटर नव्हता. त्या थंडीत. खिशावर बिल्ला लावलेला होता. टेबलाभोवती फिरायला जागा नव्हती, तरी त्यांनी वाकून वीट जागेवर आहे का ते पाहिलं. खुर्ची ओढली, पुढे घेतली, पुन्हा थोडी मागे घेतली. चाकाला हात लावून कपाळाला लावला.

पडद्यावर बारा गाड्या रांगेत उभ्या होत्या. अण्णांची मधली. दिवे लाल झाले, हिरवे झाले. अकरा गाड्या सुटल्या. अण्णा बसून राहिले.

“अण्णा, चला,” मी म्हणालो.

“बेल कुटं झाली?”

मला काही समजेना. सईला समजलं. कधीतरी त्यांनीच तिला सांगितलं असणार की कंडक्टरने दोन बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, मागच्या दारात कोण लोंबकळतंय ते त्याला दिसत नसतं. ती त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “टिंग टिंग.”

अण्णांनी गाडी सोडली.

त्यानंतरची पंधरा मिनिटं मी कुणाला कधी सांगितलेली नाहीत. अण्णांनी त्या शर्यतीच्या रस्त्यावर बस चालवली. डाव्या कडेने, एका लयीत, प्रत्येक वळणाआधी गिअर उतरवून. आजूबाजूला हॉर्न नव्हता म्हणून वळणावर तोंडाने ‘पों’ करत. मागून फेरी पुरी करून आलेल्या गाड्या त्यांना ओलांडायला लागल्या तेव्हा त्यांनी उजवा हात चाकावरून काढून नसलेल्या खिडकीतून बाहेर काढला आणि जा पुढं म्हणून हलवला. त्या गाड्यांत कुणी नव्हतं. तरी प्रत्येकीला त्यांनी बाजू दिली. दर थोड्या वेळाने ते मान पूर्ण डावीकडे वळवून बघत होते. तिथे आमचा फ्रीज होता. मला वाटलं, सवयीने आरसा शोधतायत.

सई आधी हसत होती. मग ती थांबली. तिसऱ्या फेरीला तीच त्यांना हळू आवाजात पुढचं वळण सांगायला लागली, “लेफ्ट आएगा, दादाजी,” आणि ते म्हणत होते, “व्हय, बाई, दिसलं.”

शर्यत संपली. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली. वर मोठ्या अक्षरात क्रमांक: बारापैकी बारावा. आणि खाली, लहान अक्षरात, एक ओळ: धडका शून्य. रस्ता सोडला, शून्य वेळा. उरलेल्या अकरा गाड्यांपैकी एकीचाही शून्य नव्हता. त्या मशीनने चालवलेल्या गाड्यासुद्धा एकमेकींना घासल्या होत्या.

अण्णांना इंग्रजी वाचता येत नाही. पण बारा हा आकडा येतो.

“पास का नापास?” त्यांनी विचारलं. चाकावर हात तसेच होते.

“पापा, ये तो...” सईने सुरुवात केली. मी तिच्याकडे बघितलं. कसं बघितलं ते तिलाच माहीत, पण ती गप्प झाली.

“बारावे आलात, अण्णा,” मी म्हणालो. “बारा जणांत बारावे.”

मी खोटं बोललो नाही, हे मला तेव्हा फार महत्त्वाचं वाटलं होतं.

अण्णांनी मान हलवली. ट्रायल घेणाऱ्याशी हुज्जत घालायची नसते हे त्यांच्या हाडात होतं. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि लाकडी गोटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. ही दुसरी किल्ली मी साफ विसरलो होतो. नऊ दिवस मी माझी किल्ली कपाटात, कपड्यांच्या घडीखाली लपवत होतो, आणि ही त्यांच्या खिशात होती.

“ही ठेव,” ते म्हणाले. “माझ्याकडं राह्यली हुती.”

मग बिल्ला काढला, रुमालात गुंडाळला आणि आत गेले. मला शरम वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं. झाकली मूठ झाकलेली राहिली, असंही मनात आलं, आणि त्या दुपारी मी छान झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आणायला गेलो. धुकं असं होतं की सेक्टरचे फलकसुद्धा जवळ गेल्याशिवाय वाचता येत नव्हते. गुलाटीजी फाटकाशी चहाचा कप घेऊन उभे होते. मी म्हटलं, नऊ दिवस गाडी थंडीत उभी आहे, बॅटरी उतरली असेल, धक्का मारायला कुणी मिळेल का.

“धक्का क्यों?” गुलाटीजी म्हणाले. “बाऊजी तो रोज़ आके स्टार्ट करते हैं. आपने ही भेजा होगा ना?”

“कधीपासून?” मी विचारलं.

“सोमवार से आ रहे हैं. पैदल. हमने बोला, अंदर आओ जी, चाय पियो. बोले, नहीं, ड्यूटी पे हूँ.”

मी गाडीत बसलो. किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात सुरू झाली. काच आतून पुसलेली होती. मी पुढचा कप्पा उघडला आणि वही काढली.

अण्णांचं अक्षर मोठं आणि ठळक, डेपोच्या वहीत लिहायचं तसं.

‘शुक्रवार. गाडी ठीक. ब्रेक ठीक. डावीकडची रिक्षा दिसली नाही. दोष गाडीचा नाही, चालकाचा आहे. रविवारी गाडी धुऊन पोराकडे जमा करणे.’

‘सोमवार. स्टँडकडे पायी जाताना गाडी इथे उभी आढळली. इंजिन दहा मिनिटं चालू. गाडी हलवली नाही.’

मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रोज तेच. इंजिन दहा मिनिटं चालू. गाडी हलवली नाही.

आणि शेवटची नोंद, ट्रायलच्या दिवशी सकाळची. ‘रविवार. इंजिन दहा मिनिटं चालू. गाडी हलवली नाही. डावीकडे बघायला मान फिरवावी लागते. आज पोराला सांगून किल्ली देणे.’

त्यांचं गाडीतलं काम ते होतं. गाडी धुवायची, किल्ली माझ्या हातात द्यायची आणि तीस वर्षं जशी रोज संध्याकाळी डेपोत गाडी जमा केली तशी शेवटची जमा करायची. ते स्वतः उतरणार होते. किल्ली देण्यासाठीच त्या दिवशी खिशात होती. त्याआधी मी त्यांना खेळण्यासमोर बसवलं, आणि त्यांनी ती ट्रायल दिली, कारण पोराने घेतली होती.

घरी आलो तेव्हा अण्णा अंगणात ऊन शोधत खुर्ची टाकून बसले होते. ऊन कुठेच नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं: वही वाचली, अण्णा. तीन शब्द. वही माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती.

“झाली का सुरू?” त्यांनी विचारलं.

“पहिल्याच फटक्यात,” मी म्हणालो. “मेकॅनिकनं चांगलं काम केलंय.”

अण्णा माझ्याकडे बघून हसले. थोडंसंच. “मंग झालं,” म्हणाले.

धुकं ओसरेपर्यंत ते राहिले. स्टँडवर पुन्हा गेले नाहीत. नंतर कराडला माझ्या बहिणीकडे गेले, आणि तिथल्या डॉक्टरने सांगितलं, काचबिंदू. डाव्या डोळ्याचं फार काही राहिलेलं नाही, दोन-तीन महिने आधी आणायला हवं होतं. ज्या शहरात तीन-चार राज्यांतून लोक डोळे दाखवायला येतात त्या शहरात माझा बाप हिवाळाभर होता, आणि मी त्याची नजर प्लास्टिकच्या चाकावर तपासली. याच्यावर मी काय लिहू? विभागीय परीक्षेत असा पेपर आला असता तर मी लाल शाईने शून्य दिला असता आणि पुढचा उचलला असता.

सई त्यानंतर त्या चाकाला शिवली नाही. मी एकदा तिला खूश करायला म्हणालो, चल, एक फेरी खेळू. ती म्हणाली, “आप खेलो.” मी खेळलो. खरंच खेळलो, घरात कुणी नसताना. अण्णांसारखं चालवून बघितलं, कडेने, हळू, सगळ्यांना बाजू देत. एकदाही शून्य आलं नाही. कुठेतरी घासतंच. शेवटी खोक्यात घालून माळ्यावर टाकलं.

या वर्षी सईचं शिकाऊ लायसन्स आलं. मी म्हटलं, रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात, मी शिकवतो.

“नहीं,” ती म्हणाली. “क्लास लगा लूँगी.” आणि मग, बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता, “मेरा ट्रायल मत लेना, पापा. बस.”

चार वर्षं ती हे वाक्य सांभाळून होती. मेधा स्वयंपाकघरात होती, तिने ऐकलं आणि नळ सोडला.

वही माझ्या ऑफिसातल्या टेबलाच्या खणात आहे, निकालाच्या जुन्या याद्यांखाली. सईला तिच्याबद्दल माहीत नाही. मेधालाही नाही. वहीची निम्म्याहून जास्त पानं कोरी आहेत.

काल धुकं पडलं आणि संध्याकाळी अण्णांचा फोन आला. दर रविवारी येतो. आता बहीण नंबर लावून देते, कारण उजव्या डोळ्यालाही आकडे दिसत नाहीत. आधी सईचं विचारलं. शिकते आहे म्हटल्यावर म्हणाले, “चांगलं. तिला बेल कळती.” मग थोडं खोकले.

“धुकं पडलं का रं?”

“आजच पडलं.”

“थंडीत बॅटरी उतरती. रोज सकाळी इंजिन धा मिनटं चालू ठिवत जा,” अण्णा म्हणाले. “गाडी हलवायची न्हाय.”

मी फोन कानाला धरून उभा होतो. खिडकीबाहेर काहीच नव्हतं. ते बोलून थांबले होते आणि थांबूनच राहिले होते, बेलची वाट बघावी तसे. आता माझी पाळी होती. तीनच शब्द होते, चार हिवाळे झाले, तेच तीन.

“हो,” मी म्हणालो. “मेकॅनिकही तेच म्हणत होता.”

पलीकडे अण्णांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

“चांगला हाय तुझा मेकॅनिक,” ते म्हणाले. “सोडू नगंस त्याला.”